त्या खोपीतल्या दादाला भूक लागते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या आयांनाही संदर्भ कळेल. तुम्ही वाळवा तालुक्यातल्या माहेराहून सांगलीला परत येत होता. वाटेत ऊसतोड टोळीच्या खोपी दिसल्या. तुमच्या साडेपाच वर्षांच्या लेकाच्याच वयाचा एक मुलगा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन रस्त्याकडेला उभा होता. गाडीतच विचारणं सुरू झालं. त्यांच्या घराला भिंत का नाही? ते गरीब आहेत का? त्या दादाला भूक लागते का? घरी आल्यावर आजी म्हणाल्या, "बघ, त्यांना खायला मिळत नाही आणि तू पानात टाकतोस." बाबा म्हणाले, "शाळा शिकलं नाही की असं होतं." दुसऱ्या दिवशी डबा भरलेला परत आला, 'हा त्या दादाला द्यायचा' असं सांगत. त्यातच टीव्हीवर लढाईतल्या उपाशी मुलांची बातमी त्यानं पाहिली आणि आता विचारतोय, जगात किती मुलं उपाशी आहेत? एवढ्याशा जिवाला यातलं किती सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी तेहतीस वर्षं अंगणवाडीच्या कामात काढली. आधी सेविका म्हणून जत तालुक्यात, मग मुख्यसेविका म्हणून कवठेमहांकाळ, तासगाव आणि शेवटी मिरजेत. भुकेली मुलं पाहिली, भरल्या घरातली न जेवणारी मुलंही पाहिली. दोन्हींशी भुकेबद्दल बोलावं लागलं. त्यावरून सांगते, लपवू नका. पण दया शिकवायलाही बसू नका. अन्न कुठून निघतं, कुणाकुणाच्या हातातून आपल्या ताटात येतं आणि मधे कुठं अडतं, एवढी गोष्ट मुलाला सांगता आली पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला ती नीट कळते. दयेचं तसं होत नाही. 'बिचारा' हा शब्द ऐकला की मूल समोरच्याला आपल्यापेक्षा खाली बसवतं, आणि मग त्याच्याशी खेळायला जात नाही.

आज संध्याकाळी चहाच्या वेळी साखरेचा डबा समोर घ्या. ही साखर कुठून आली? तो म्हणेल दुकानातून. दुकानात कुठून? कारखान्यातून. कारखान्यात कशी झाली? उसाची. मग ऊस कुणी तोडला? इथं जरा थांबा, त्यालाच विचार करू द्या. मग सांगा, "त्या दादाच्या आईबाबांनी."

मी हे मिरज भागातल्या कितीतरी अंगणवाड्यांत केलंय. या ठिकाणी मुलांचे चेहरे बदलतात. खोपीतलं कुटुंब आता 'गरीब' नसतं, आपल्या दुधात साखर घालणारं असतं.

तुम्हाला स्वतःला थोडी माहिती हवी, म्हणजे पुढच्या प्रश्नाला अडखळायला होणार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या माणसाकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून निघायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत, ती उचल फेडायची. बीडकडची माणसं आपल्याकडं येतात, तशी आपल्या जतमधलीही दुसरीकडं जातात. पहाटे अंधारात फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, पोचायचं, ऊस तोडायचा, पाला काढून साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून ट्रॉली भरायची. ट्रॉली रात्री आली तर रात्री भरायची. आई फडात असते, म्हणून सहा वर्षांचं पोर दोन वर्षांच्या बहिणीला कडेवर घेतं. तुमच्या मुलानं पाहिलं ते हेच.

मुलाला यातलं एवढंच पुरे: "त्या दादाचं गाव लांब आहे. तिथं पाऊस कमी, म्हणून काम कमी. आईबाबा ऊस तोडायला इथं आलेत. चार-पाच महिनेच राहायचं, म्हणून खोप बांधलीय. ते खूप काम करतात, पण त्यांना पैसे थोडे मिळतात." तो लगेच विचारेल, का थोडे? इथं गोल गोल बोलू नका. "ते बरोबर नाही, बाळा. ते बदललं पाहिजे, आणि बदलावं म्हणून काही माणसं झटतायत." चिक्कीचा तुकडा कुणाला मोठा गेला हे ज्या वयात कळतं, त्या वयात 'हे बरोबर नाही' हेही कळतं.

आणि भूक लागते का, याचं उत्तर सरळ द्या. "लागते. तुझ्यासारखीच लागते. त्याची आई पहाटे भाकरी करून ठेवते, ती तो खातो. कधी कधी पुरत नाही." इथं मी बहुतेक मोठ्यांचा एक गैरसमज दूर करते, तुमचाही करते. आपल्याकडची भूक बहुतेक वेळा रिकाम्या ताटाची नसते. भाकरी आणि चटणीनं पोट भरतं, पण दूध, डाळ, अंडं, भाजी, फळ पोटात जात नाही. मूल रडतही नाही. ते फक्त वाढत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. आम्ही दंडाला मोजपट्टी लावायचो. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड गेला की पट्टीचा लाल रंग दिसायचा. कितीदा तरी आई म्हणायची, "बाई, जेवतंय की चांगलं!" आणि ती खोटं बोलत नसायची. मुलाला हे सांगताना मी झाडाचं उदाहरण देते. कुंडीतल्या रोपाला नुसतं पाणी घातलं तर ते जगतं, पण त्याला ऊन आणि खतही लागतं. तसं अंगाला नुसती भाकरी पुरत नाही.

आता आजींचं वाक्य. त्यांच्यावर रागावू नका. आपल्या सगळ्यांच्या आज्या हेच बोलल्या, कारण त्यांनी अन्नाचा तुटवडा पाहिला होता. पण या वाक्यानं काय होतं, ते मी माझ्या हातून घडलेल्या चुकीवरून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला मी अंगणवाडीत एका मासिकातलं, हाडं दिसणाऱ्या आफ्रिकी मुलाचं चित्र भिंतीला लावलं होतं. मुलं पानात टाकू लागली की मी त्याच्याकडं बोट दाखवायची. चार वर्षांची एक मुलगी त्यानंतर पोट भरलं तरी खात राहायची. एके दिवशी तिला उलटी झाली. आई म्हणाली, रात्री झोपेत घाबरून उठते आणि म्हणते, 'मी टाकलं म्हणून तो मेला.' ते चित्र मी त्याच दिवशी काढलं. या वयाच्या मुलाला वाटतं, जगात जे होतं ते आपल्यामुळं होतं. मी खाल्लं नाही म्हणून तो उपाशी. किंवा तुमच्या लेकासारखं उलटं, मी नाही खाल्लं तर ते त्याला मिळेल. दोन्ही त्याच चुकीच्या धाग्यावर लोंबतात.

म्हणून डब्याची गोष्ट आधी सोडवा. त्याला जवळ घ्या आणि सांगा, "तुझा डबा तू खाल्लास म्हणून त्या दादाचं काही कमी होत नाही. तू उपाशी राहिलास तर दोन मुलं उपाशी होतील." त्याच्या मनातला देण्याचा विचार मात्र मोडू नका. "त्याच्यासाठी काय करायचं ते आपण मिळून ठरवू" असं म्हणा, आणि खरंच ठरवा. त्याबद्दल पुढं लिहिते.

पानात न टाकण्याची सवय लावायला गरिबाची भीती लागत नाही. थोडं वाढायचं, मग पुन्हा मागायचं. शेतकऱ्यानं पिकवलं, आईनं शिजवलं, म्हणून टाकायचं नाही, हे कारण पुरेसं आणि खरं आहे. अन्न वाया जाण्याचा प्रश्न लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. पण हा हिशेब आपण मोठ्यांनी मांडायचा. लग्नाच्या पंगतीत उरलेल्या अन्नाचं काय करायचं हे पाच वर्षांच्या पोरानं ठरवलेलं नसतं.

बाबांचं वाक्य मला जास्त बोचलं. तेही वाईट हेतूनं बोलले नसतील, मुलानं अभ्यास करावा म्हणून बोलले असतील. पण मूल त्यातून काय उचलतं? गरीब म्हणजे चुकलेला माणूस. उद्या वर्गात एखाद्याचे बूट फाटके दिसले की ते म्हणेल, तुझे बाबा शिकले नाहीत.

गरिबी ही माणसाची चूक नसते, हे मुलांना शिकवायला आपला सातारा-सांगलीचा पट्टा फार सोपा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि इकडं जत-आटपाडीत तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. वाळव्यात तुमच्या माहेरी उसाला पाटानं पाणी मिळतं, जतमध्ये तेवढ्याच कष्टाच्या माणसाची बाजरी करपते. म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी पोचलं त्या गावांतून बाहेर जाणारी बिऱ्हाडं कमी झालेली मी डोळ्यांनी पाहिली. माणसं तीच होती, फक्त पाणी आलं. त्याला दोन कुंड्या द्या, एकीला रोज पाणी घालू द्या, दुसरीला आठवड्यातून एकदा. पंधरा दिवसांनी विचारा, दुसरं रोप आळशी आहे का?

बाबांना एवढं सांगा की शिक्षणाचं महत्त्व सांगायचंच असेल तर ते साताऱ्याच्या गोष्टीतून सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. गावोगावची सगळ्या जातींची गरीब पोरं वसतिगृहात एकत्र ठेवली. तिथं धान्य संपायचं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पोरं शिकली ती आधी कुणीतरी त्यांना जेवू घातलं म्हणून. ही गोष्ट मी लहान मुलांना सांगते तेव्हा ती विचारतात, मग त्यांनी गळ्यात काय घातलं? त्या प्रश्नापाशी मी त्यांना थोडा वेळ तसंच बसू देते.

माझी स्वतःचीही एक गोष्ट आहे, ती मी अंगणवाडीत बऱ्याचदा सांगितली. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव कवठेमहांकाळकडचं. विहिरीनं तळ गाठला होता. आई खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायची. रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, आणि खाताना घशात अडकायची. कामावर सुकडी वाटायचे. आई ती स्वतः खायची नाही, पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्हा चौघांना वाटून द्यायची. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशी कामावर होती. आम्ही गरीब होतो, पण आमचं कुणाचं काही चुकलं नव्हतं. आभाळ फिरलं होतं, आणि कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता म्हणून आम्ही जगलो.

तो विचार आपल्याच जिल्ह्यातला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम द्यायचं आणि त्या कामाचे पैसे द्यायचे, ही कल्पना त्यांनी मांडली आणि आपल्याच भागात आधी करून पाहिली. दुष्काळात तिचा केवढा उपयोग झाला ते सगळ्या राज्यानं पाहिलं. १९७७ मध्ये राज्याचा रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये तसाच कायदा साऱ्या देशासाठी झाला. तुमचा मुलगा 'मोठी माणसं काय करतात?' असं विचारेल तेव्हा पागेआजोबांची गोष्ट सांगा. वाईट परिस्थिती कुणी तरी बदलली, आणि तो माणूस आपल्या विसापूरचा होता, हे ऐकलं की मूल निर्धास्त झोपतं.

जगाचा प्रश्न आता. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसं उपाशीपोटी होती. आफ्रिकेत पाचांत एक, साऱ्या जगात मिळून साधारण बारांत एक. कोटीचा आकडा मुलाला सांगून उपयोग नाही, ते शंभरापुढं थकतं. बारा वाट्या मांडा. एका पातेल्यात चुरमुरे घ्या, बाराही वाट्या सहज भरतील एवढे. त्याला अकरा वाट्या भरायला सांगा आणि बारावी रिकामी ठेवा. पातेल्यात चुरमुरे उरलेले त्याला दिसले पाहिजेत. मग तोच म्हणेल, "अगं, अजून आहेत की!" हेच त्याच्या तोंडून यायला हवं. जगात सगळ्यांना पुरेल एवढं पिकतं. मग ही वाटी रिकामी का राहिली?

तीन कारणं त्याला पुरतात. त्या घरात विकत घ्यायला पैसे नव्हते. किंवा तिथं पाऊस पडला नाही, नाहीतर पूर आला. किंवा मोठी माणसं लढत होती, त्यामुळं धान्याचा ट्रक वाटेतच अडवला गेला. टीव्हीवर त्यानं पाहिलं ते तिसरं. सुदानमध्ये २०२४ मध्ये आणि गाझामध्ये २०२५ मध्ये अन्नटंचाईचं मोजमाप करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी दुष्काळ पडल्याचं सांगितलं. दोन्हीकडं मूळ कारण पावसाचं नव्हतं, लढाईचं होतं. मुलाला मेलेल्या माणसांचं वर्णन नको. "भांडणात रस्ता बंद झाला, म्हणून जेवण पोचलं नाही. पोचवायला माणसं धडपडतायत" इथपर्यंत ठीक. आणि जेवताना बातम्या बंद ठेवा, ही माझी विनंती आहे. एकच चित्र दिवसातून वीसदा दिसलं की मुलाला वाटतं वीस वेळा तसं घडलं.

पातेल्यातले चुरमुरे ताटात पोचत नाहीत, हा मुद्दा मुलाला पटवायला सांगलीकरांकडं एक उदाहरण आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं. आपल्या मिरजेच्या स्टेशनातून आगगाडीनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मुलं या गोष्टीवर जाम खूश होतात, आगगाडी असल्यामुळं तर जास्तच. पाणी होतंच, फक्त ते दुसरीकडं होतं. न्यायचं ठरवलं तेव्हा पोचलं. जरा मोठ्या मुलांना, सात-आठ वर्षांच्या, मी पुढचं विचारते: गाडी पाठवण्याआधी इतके महिने का गेले? त्याच वेळी आपल्या जतमध्ये टँकर का फिरत होते? उत्तर मी देत नाही, त्यांना भांडू देते.

पैशाचं कारण समजवायला मला अमर्त्य सेन यांची आठवण उपयोगी पडते. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला, वीस ते तीस लाख माणसं गेली. सेन तेव्हा नऊ वर्षांचे, शांतिनिकेतनात आजोबांकडं राहायचे. दारात भुकेली माणसं यायची. आजोबांनी त्यांना सिगारेटचा रिकामा डबा तांदळानं भरून द्यायची परवानगी दिली होती. मोठे झाल्यावर त्यांनी हिशेब मांडून दाखवलं की धान्य अचानक संपलं नव्हतं. युद्धात भाव चढले, आणि मजुरांच्या हातातले पैसे तेवढेच राहिले. १९९८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला यात आजोबांचं वागणं फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी नातवाला दाराआड लपवलं नाही आणि साऱ्या बंगालचं ओझंही त्याच्यावर टाकलं नाही. एक डबा त्याच्या हातात दिला.

काही दिवसांनी तुमचा मुलगा अंथरुणात पडल्या पडल्या हळूच विचारेल: आपण गरीब होणार का? बाकीच्या सगळ्या प्रश्नांमागं बहुतेकदा हाच असतो, आणि तो शेवटी येतो. 'छे, आपल्याला कशाला होईल' असं म्हणून तोंड फिरवू नका. "आपल्याकडं आज आहे, उद्यासाठीही आहे. आणि कधी अडचण आलीच तर आजी आहे, मामा आहे, शेजारच्या काकू आहेत" असं माणसांची नावं घेऊन सांगा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मी मिरज तालुक्यात छावणीवर होते. बंगल्यात राहणारी मुलं खिचडीच्या रांगेत उभी होती. त्यांना लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांना. तेव्हा दुष्काळी गावांतून भाकरी-चटणीची गाठोडी आली. ज्या गावांत त्याच महिन्यात जनावरं चारा छावणीत होती, त्यांनी भाकरी पाठवल्या. तुमचा मुलगा तेव्हा जन्मलाही नसेल. पण तुमच्या घरात पाणी आलं असेल तर त्याला सांगा की तेव्हा आपणही रांगेत होतो. आपण कायम देणारेच असतो, हा समज त्याच्या मनात रुजायच्या आत हे सांगितलेलं बरं.

देव त्यांना का देत नाही, हा प्रश्नही येईल. तुमच्या घरची श्रद्धा जशी असेल तसं बोला, मी त्यात पडत नाही. फक्त 'मागच्या जन्मीचं पाप' हे शब्द मुलाच्या कानावर जाऊ देऊ नका. दंडाला लाल पट्टी लागलेली आठ महिन्यांची मुलं मी मांडीवर घेतलीयत. त्यांच्यासमोर ते शब्द उच्चारून बघावेत.

अजून एक सांगू का, ताई? खोपीपर्यंत जायच्या आधी घरात बघा. तुमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? त्यांच्या खाड्यांचे पैसे कापता का? मंडईत शेतकऱ्याच्या पोरीशी मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालता, आणि तेव्हा मुलाचा हात तुमच्या हातात असतो का? गरिबीचा धडा मूल तिथं घेतं, रोज. आपण बसवून समजावतो ते नंतर. मी हे रागानं लिहीत नाही. मुख्यसेविका असताना आमच्याच सेविका आणि मदतनीस किती थोड्या मानधनात राबायच्या हे मी पाहत होते, आणि कितीतरी वर्षं मीही त्याबद्दल गप्प बसले.

आता त्या दादासाठी काय करायचं ते. तुम्ही लिहिलंय की मुलाचा वाढदिवस खोपींवर करायचा, केक न्यायचा, फोटो काढायचे असा विचार आहे. कृपा करून तसं करू नका. आपल्या पोराचा वाढदिवस दुसऱ्याच्या गरिबीवर उभा राहतो आणि त्या मुलाला हात पसरून फोटोत उभं राहावं लागतं. फाटके कपडे आणि मोडकी खेळणीही नकोत. जे तुमच्या बहिणीच्या मुलाला देणार नाही, ते त्यालाही द्यायचं नाही.

जतमधल्या माझ्या अंगणवाडीत एक पाच वर्षांची मुलगी होती. गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला की ती तो फ्रॉकच्या घडीत लपवायची. मी एकदा दरडावून विचारलं. ती काही बोलली नाही. दुपारी तिच्या मागोमाग गेले तर बाभळीखाली बसून ती तो लाडू भावाला भरवत होती, आणि शेवटचा तुकडा स्वतः खात होती. भुकेलं मूल नुसतं घेणारं नसतं. तेही कुणाला तरी देत असतं. तुमच्या लेकानं त्या दादाला बहीण कडेवर घेतलेलं पाहिलंय. "तो किती चांगला सांभाळतो बघ" असं एकदा म्हणून बघा.

म्हणून जाल तेव्हा दुपार टळल्यावर जा, टोळी फडावरून परत आल्यावर. तुमच्या माहेरच्या कुणाला तरी सोबत घ्या, ओळख निघते. वस्तू मुलाच्या हातात देऊ नका, त्याच्या आईच्या हातात द्या. शेंगदाणे, गूळ, केळी, भिजवून करायला मटकी, असं काही न्या. तिनं चहा दिला तर प्या, मुलालाही प्यायला द्या. मग मुलांना खेळू द्या. चेंडू न्या. गाडीत बसल्यावर तो 'ते गरीब आहेत' असं म्हणण्याऐवजी त्या दादाचं नाव घेऊन काही सांगू लागला, तर भेट चांगली झाली असं समजा.

आणि एक काम फक्त तुमचं आहे. त्या गावातल्या अंगणवाडी सेविकेला गाठा. बाहेरगावाहून आलेल्या मुलांची नावंही तिला घेता येतात, आहार देता येतो, वजन-उंची करता येते. पण शिवारातल्या खोपी गावापासून लांब असतात आणि बऱ्याचदा कुणी सांगितल्याशिवाय तिथली मुलं नोंदली जात नाहीत. त्या दोघा बहीण-भावांची नोंद झालीय का, दंडाला पट्टी लावलीय का, एवढं विचारा. लहानीचं लसीकरण कुठवर आलंय ते आशाताईंना विचारा. त्यांचं रेशनकार्ड गावाकडचं असेल तर त्यावर इथंही धान्य उचलता येतं, हे टोळीतल्या बायकांना सांगा. पुष्कळजणींना ते ठाऊक नसतं, मुकादम सांगत नाही.

मुलाचं जेवण दोन-चार दिवसांत रुळावर आलं नाही, किंवा रात्री दचकून उठणं सुरू झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, थांबू नका. नाहीतर घाई नाही. हे बोलणं एका बैठकीत संपत नसतं. तो अंघोळीच्या वेळी एक प्रश्न विचारेल आणि पुढचा आठ दिवसांनी, चप्पल घालता घालता. विचारलं तेवढंच सांगा. येत नसेल तिथं "मला माहीत नाही, आपण शोधू" म्हणा.

पट्टा पडायला आता फार दिवस नाहीत. येत्या रविवारी जमलं तर जा, नंतर ती टोळी तिथं असणार नाही.